मऊ बियांचा पेरू

फळसंशोधन केंद्रात त्यांना सगळे ‘नाकवाल्या बाई’ म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. उलट मनातून थोडा आनंदच होई. पेरूची नवी जात तयार करणं हे त्यांचं काम होतं, आणि त्या कामात त्यांचं नाक जगावेगळं होतं. डोळे मिटून फळ नाकाशी धरलं की ते कुठल्या झाडाचं, कालचं की परवाचं, सावलीतल्या फांदीचं की उन्हातल्या, हे त्या सांगत. आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे.

केंद्राच्या मागच्या बाजूला त्यांचा मळा होता. एक अतिशय सुवासिक पण खड्यांसारख्या बियांचा पेरू आणि दुसरा भरपूर गर असलेला पण पाणचट पेरू, अशा दोन झाडांचा त्यांनी काही वर्षांपूर्वी संकर केला होता. त्यातून मिळालेल्या बियांची आता पुरुषभर उंचीची झाडं झाली होती. सगळी सख्खी भावंडं, पण एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. कुणाची फळं लिंबाएवढी, कुणाची दोन मुठींएवढी. कुणी आतून पांढरं, कुणी फिकट गुलाबी. एक झाड इतकं आंबट की खारीसुद्धा त्याच्या वाटेला जात नसत. या गोतावळ्यातून कामाची झाडं निवडायची आणि बाकीची तोडून टाकायची, हा या कामाचा रिवाज. बाईंनी आदल्या वर्षी पहिला बहर आला तेव्हाच बऱ्याच झाडांच्या खोडावर लाल रंगाचा पट्टा ओढला होता. लाल पट्टा म्हणजे नापास. पण तोडणी लगेच होत नाही, कुणाला तरी सवड व्हावी लागते, त्यामुळे पास आणि नापास अजून शेजारी शेजारीच उभे होते.

या वर्षी मात्र ती जमीन भाजीपाला विभागाला मिळणार असं ठरलं. संचालकांनी बाईंना बोलावून सांगितलं, की हा बहर संपेपर्यंतची मुदत आहे. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी झाडं ठेवा, बाकीच्यांवर करवत.

बाई तयार होत्या. पण फळं पिकायला लागली त्याच सुमाराला त्या तापाने आजारी पडल्या. ताप साधाच होता, सर्दीखोकल्यातला, आठवडाभराने गेलाही. अंगात जरा ताकद आली तेव्हा त्यांच्या यजमानांनी बाजारातून पेरू आणले आणि कौतुकाने ताटलीत घालून पुढे ठेवले. बाईंनी सवयीने एक उचलून नाकाशी नेला. काहीच आलं नाही. त्यांनी तो चिरला आणि पुन्हा हुंगला. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, साबण हुंगला, चहापत्तीचा डबा उघडला, शेवटी काडी ओढून विझवली. सगळीकडे तीच कोरी हवा.

डॉक्टर म्हणाले, की तापानंतर असं होतं कधीकधी. वास परत येतो बऱ्याच जणांचा, कुणाला महिने लागतात, कुणाला जास्त. काही जणांना येतही नाही. ते हे सगळं फार सौम्यपणे सांगत होते, आणि त्या सौम्यपणाचाच बाईंना धसका बसला.

घरी आल्यावर त्या बराच वेळ गॅलरीत बसून राहिल्या. यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. माणसाला एकाएकी कमी दिसायला लागलं की काय होतं ते त्यांनी रोज पाहिलेलं. त्यांनी उगाच धीर दिला नाही. शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एवढंच म्हणाले, “नाकाला चष्मा मिळत नाही, नाहीतर फुकट दिला असता.” बाईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

लपवायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. पण संचालकांना सांगण्याआधी आपल्या खोलीतल्या माणसाला सांगायला हवं होतं, आणि ते जास्त अवघड होतं. बाईंच्या खोलीत त्यांच्यासोबत एक तरुण शास्त्रज्ञ होता. त्याला सगळे ‘मीटर’ म्हणत. गोडी मोजायचा मीटर, आंबटपणा मोजायचा मीटर, फळाचा कडकपणा मोजायचा मीटर, अशी सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात होती आणि आकडा दिसल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवत नसे. चार वर्षं दोघं एका खोलीत बसत होते. भांडण असं कधी नव्हतं. पण त्याने एखाद्या झाडाचे आकडे पुढे ठेवावेत, बाईंनी फळ हुंगून नाक मुरडावं आणि ते झाड बाद व्हावं, असं कितीदा तरी झालं होतं. तो काही बोलत नसे. फक्त पेनाचं टोपण जरा जोरात लावत असे.

बाईंनी त्याला सांगितलं तेव्हा त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्याने विचारलं, “अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

“मग आता?”

“आता तू हुंगायचं,” बाई म्हणाल्या. “आणि मला सांगायचं.”

मीटर घाबरला. आपल्याला वास म्हणजे चांगला आणि वाईट एवढंच कळतं, असं त्याने स्वच्छ सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, की तेवढ्यावर सुरुवात करू.

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या टेबलावर एकाच वेळी दहा विभागांची रड असायची. त्यांनी सुचवलं, की मग यंत्रांवरच निवडा ना, सगळ्यात गोड पाच झाडं ठेवा आणि विषय मिटवा. हे ऐकून मीटरला आनंद होईल असं कुणालाही वाटलं असतं. पण तोच मध्ये बोलला. साखरेचा आकडा सारखा असलेली दोन फळं तोंडात अगदी वेगळी लागतात, हे त्याला माहीत होतं. चार वर्षं तो बाईंचं मुरडलेलं नाक पाहत आला होता, ते वाया गेलं नव्हतं. बहर संपेपर्यंत आम्हाला आमच्या पद्धतीने करू द्या, असं दोघांनी मिळून सांगितलं. संचालकांनी हात हलवून होकार दिला.

काम सुरू झालं. रोज सकाळी मीटर टोपली घेऊन मळ्यात जायचा, प्रत्येक झाडाची फळं वेगळ्या पिशवीत आणायचा. खोलीतल्या लांब टेबलावर पांढरा कागद पसरलेला असायचा, त्यावर फळं चिरून ठेवायची. तो हुंगायचा आणि बाई विचारायच्या.

पहिले काही दिवस धमाल होती. एका फळाचा वास आमच्या मावशीच्या कपाटासारखा येतो, असं तो म्हणाला. बाईंनी विचारलं, कपाटात काय असतं? साड्या, तो म्हणाला. आणि डांबरगोळ्या? डांबरगोळ्या नाहीत, सुकलेली फुलं ठेवते ती. बाईंना तत्काळ कळलं, की हा कुठला वास. एका फळाला त्याने नवीन रबरी चप्पल म्हटलं, एकाला पावडर लावलेलं बाळ, एकाला ओला पुठ्ठा. ‘ओला पुठ्ठा’ ऐकून बाईंनी ते झाड मनातल्या मनात बाद केलं. त्यांना स्वतःला कोरी हवाच मिळत होती, पण त्याच्या शब्दांवरून जुने वास डोक्यात जागे होत होते. कधी कधी त्याने नुसतं ‘हं’ म्हटलं तरी तो कुठला ‘हं’ आहे हे त्यांना ओळखता येऊ लागलं. आणि त्याचं नाकही हळूहळू तयार होत होतं. एकदा तो हुंगता हुंगता थांबला आणि म्हणाला, की हे फळ उन्हातल्या फांदीचं असणार. पिशवीवरची खूण पाहिली तर खरंच तसं होतं. तो दिवसभर उगाचच खूश होता.

बाई मात्र खात होत्या ते नुसतंच गोड किंवा नुसतंच आंबट होतं. वास गेला की फळाचं फळपण जातं हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं, पण आता ते रोज तोंडात येत होतं. ओला, गोड कापूस चावल्यासारखं. तरी त्या प्रत्येक फोड खात होत्या. जीभ आणि दात एवढंच हाताशी राहिलं होतं, म्हणून त्या दातांकडे लक्ष देऊ लागल्या. गर कुठे रवाळ आहे, कुठे लोण्यासारखा आहे, साल कुठे दाताला अडते. आजवर हे सगळं वासाच्या मागे दडून गेलं होतं.

मीटरचा हट्ट होता, की लाल पट्ट्याची झाडंही तपासायची. नापास झालेल्यांचे आकडे असल्याशिवाय पास झालेल्यांना अर्थ नाही, असं त्याचं म्हणणं. बाईंनी वाद घातला नाही. अशाच एका सकाळी त्याने कुंपणाजवळच्या एका लाल पट्ट्याच्या झाडाचं फळ चिरलं. मध्यम आकाराचं, फिकट पिवळं, बघताक्षणी डोळ्यात भरावं असं काही नाही. गोडीचा आकडाही बेताचाच. त्याने हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि म्हणाला, “बाई, हे झाड बोलतच नाही. वासच नाही याला.”

म्हणूनच आदल्या वर्षी ते बाद झालं होतं. वास नाही म्हटल्यावर बाईंनी ते तोंडातही घातलं नव्हतं, आणि नाकाच्या चाळणीतून जे फळ उतरत नसे ते गोडी-आंबटपणापुढच्या मोजमापांना जातच नसे.

बाईंनी फोड तोंडात टाकली. चावली, गिळली आणि दुसऱ्या पिशवीकडे हात नेता नेता थांबल्या. काहीतरी राहून गेलं होतं. काय ते क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, की दाताखाली कुठे कट् झालं नव्हतं. बियाच आल्या नव्हत्या.

त्यांनी दुसरी फोड हातात घेऊन नीट पाहिली. बिया होत्या, चांगल्या भरपूर होत्या. एक काढून त्यांनी दोन नखांमध्ये धरली आणि दाबली. ती चपटी झाली. भिजवलेल्या डाळीच्या दाण्यासारखी.

“मीटर,” त्या हळूच म्हणाल्या, “तुझं ते बिया दाबायचं यंत्र आण.”

यंत्राचा काटा जेमतेम हलला. मीटरने यंत्र बिघडलं असेल म्हणून शेजारच्या झाडाच्या बीवर लावून पाहिलं, तर काटा नेहमीसारखा टोकापर्यंत गेला. मग त्याने त्या मुक्या झाडाची आणखी फळं आणली. खालच्या फांदीची, वरच्या फांदीची, कोवळी, पिकलेली. सगळीकडे तेच. दोन्ही आईबाप झाडांच्या बिया तर दात पाडणाऱ्या होत्या. कुठल्या पणजीकडून हे आलं असेल ते दोघांनाही सांगता येईना.

संध्याकाळी बाई त्यातली काही फळं घरी घेऊन गेल्या. घरात त्यांचे सासरे होते, अण्णा. आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेले, त्यामुळे कुठलीही चूक त्यांना आधी दिसे आणि कौतुक नंतर. त्यांना कवळी होती. पेरू हे त्यांचं एकेकाळचं सगळ्यात आवडतं फळ, पण कवळी आल्यापासून त्यांनी ते सोडलं होतं. एक बी कवळीखाली गेली की दिवसभर ठणका. सूनबाई पेरूंवर संशोधन करते आणि सासऱ्याला पेरू खाता येत नाही, हा त्यांचा पाहुण्यांना सांगायचा ठरलेला विनोद होता.

बाईंनी फोडी करून बशी त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांनी बशीकडे आणि मग सुनेकडे पाहिलं.

“बिया काढल्यास का?”

“नाही अण्णा. आहेत तशाच आहेत. पण खाऊन बघा, माझ्यावर विश्वास ठेवा.”

अण्णांनी एक फोड अगदी संशयाने पुढच्या दातांनी तोडली. चघळली. मग तोंड पूर्ण चालू लागलं.  दुसरी फोड घेतली, तिसरी घेतली. बशी रिकामी झाल्यावर त्यांनी ती स्वतःच पुढे सरकवली, अजून हवंय असं सांगायला. यजमान दुकानातून येऊन दारातच उभे राहून बघत होते.

“वास नाही फारसा याला,” शेवटी अण्णा म्हणाले.

“मला कळत नाही, अण्णा.”

“मलाही कुठे कळतो आता,” अण्णा म्हणाले. “या वयात नाक नावालाच असतं. पण चावायला मिळालं ना पोटभर. किती वर्षांनी.”

रात्री आवराआवर करताना बाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. त्यांनी इतकी वर्षं ज्या नाकाने फळं निवडली ते त्यांचं स्वतःचं नाक होतं. खाणारी तोंडं मात्र कितीतरी प्रकारची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटरला सांगितलं, की आपल्या दोघांचं मत पुरेसं नाही, लोकांना खायला घालायला हवं. फळं बांधायच्या मोठ्या खोलीत दोघांनी टेबलं मांडली. निवडलेल्या झाडांच्या फोडी नुसते आकडे लिहिलेल्या बशांमध्ये ठेवल्या, म्हणजे कुठली कुणाची ते कळू नये. मग केंद्रातल्या सगळ्यांना बोलावलं. हिशेबनीस आले, गाडीचे चालक आले, माळी आले, भाजीपाला विभागाची मंडळी आली आणि फुकटचं आहे म्हटल्यावर पुन्हा एकदा आली. बाईंनी मुद्दाम केंद्राच्या निवृत्त लोकांनाही निरोप धाडले. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि सगळ्यांना मार्क कसे द्यायचे ते शिकवू लागले. शेजारच्या शाळेतला एक वर्गही आला. मुलांनी आंबट झाडाची बशी आधी संपवली आणि पूर्ण मार्क दिले, त्यामुळे मोठी माणसं चकित झाली.

मीटरने सगळे मार्क जमवून संचालकांपुढे ठेवले. संचालकांनी वरून खाली बोट फिरवलं. सुवासिक आणि गोड अशी चार झाडं सरळ वर होती, त्यांच्याबद्दल वाद नव्हता. आंबट झाडालाही त्यांनी हसत हसत जागा दिली, मुलांसाठी. मुकं झाड यादीच्या मधोमध होतं. सरासरी बेताची, ना वर ना खाली. संचालक म्हणाले, की जागा आहे ती एवढीच, मधल्यांना कुठवर सांभाळायचं.

बाई काही बोलणार तेवढ्यात मीटर पुढे सरकला. “सर, सरासरी काढली तर हे झाड मधोमध येतं. पण मधले मार्क याला कुणीच दिलेले नाहीत.”

संचालकांना कळलं नाही. मीटरने कागद उलटा करून त्यावर दोन ढीग काढून दाखवले. अर्ध्या लोकांनी या झाडाला अगदी तळाला टाकलं होतं. ते सगळे तरुण, धड दातांचे, वास घेऊन खाणारे. आणि उरलेल्यांनी त्याला सगळ्यात वरचे मार्क दिले होते. कवळीवाले, हिरड्या दुखणारे, दाढा काढलेले. हिशेबनिसांनी तर मार्कांच्या जागी ‘हेच’ असं लिहिलं होतं. दोन ढिगांची बेरीज करून दोनाने भागलं की जिथे कुणीच उभं नाही अशी जागा मिळते, असं तो म्हणाला.

सरासरीवर श्वास घेणारा माणूस हे बोलतोय, याचं बाईंना नवल वाटलं. संचालकांनी कागद बराच वेळ न्याहाळला. मग आपल्या डाव्या गालावरून हात फिरवला, तिकडची त्यांची दाढ बहुधा दुखत असावी, आणि ते झाड यादीत घातलं.

ठेवायच्या झाडांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या गेल्या. आणि पुढच्या आठवड्यात, ठरल्या दिवसाच्या एक दिवस आधीच, तोडणारी मंडळी आली. त्यांचं दुसरीकडचं काम लवकर संपलं होतं. लाल पट्टा म्हणजे तोडायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं. मुक्या झाडावर पांढरी पट्टी होती, पण ती वाटेकडच्या बाजूने लोंबत होती. करवतवाले कुंपणाच्या बाजूने आत आले होते, आणि त्या बाजूला गेल्या वर्षीचा लाल रंग अजून ठसठशीत होता.

बाई आणि मीटर पोचले तेव्हा गुडघ्याएवढं खोड उरलं होतं. बाजूला फांद्यांचा ढीग, त्यात फळं तशीच लटकलेली. तोडणाऱ्यांच्या मुकादमाला पांढरी पट्टी फांद्यांखाली सापडली होती आणि तो ती हातात धरून उभा होता.  मीटर खोडाजवळ उकिडवा बसला. रंग पुसून घ्यायचं माझ्याकडे होतं, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, की रंग लावला मी. मग दोघंही थांबले, कारण याचा हिशेब करून काही हाती येणार नव्हतं.

 बाईंनी मुकादमाला फांद्या सावलीत न्यायला सांगितलं. दिवसभर दोघांनी चांगल्या चांगल्या काड्या निवडून वाळूत लावल्या. पेरूची काडी अशी सहजासहजी मुळं धरत नाही हे दोघांनाही माहीत होतं. बहुतेक सगळ्या पंधरवड्याच्या आत काळ्या पडल्या.

पण खोड होतं. बाई संचालकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, की जमीन सपाट करायला मशीन येईल, ते खोडापाशी जाऊ देऊ नका. पेरू असा मरत नाही. आणि हे कलम केलेलं झाड नाही, बीपासून वाढलेलं आहे. मुळापासून शेंड्यापर्यंत एकच. खालून जे काही फुटेल ते तेच झाड असेल.

संचालकांनी त्यांच्यासमोर फोन उचलला आणि भाजीपाला विभागाला सांगितलं, “त्या खोडाला वळसा घालून मशीन फिरवा. का ते मला विचारू नका, बाईंना विचारा.”

तर झालं असं, की राखलेली पाच झाडं एका बाजूला, आणि भाजीपाला विभागाच्या सपाट, आखीव वाफ्यांच्या कोपऱ्यात चार खुंट्या आणि दोरी बांधलेलं एक बुटकं खोड उभं राहिलं. विभागातल्या लोकांनी त्याला ‘स्मारक’ नाव दिलं. मीटर रोज सकाळी कामावर येताना आधी स्मारकाला जाऊन यायचा. बरेच दिवस तो तसाच परत येत होता. मग एका सकाळी तो दारातच उभा राहिला. बाईंनी वर पाहिलं. त्याने काही सांगायची गरज पडली नाही, त्या चपला घालून त्याच्यामागे निघाल्या.

करवतीच्या कापाखाली, खडबडीत सालीतून तांबूस कोंबांचे झुबके फुटले होते. गव्हाच्या दाण्याएवढ्या लांबीचे. बाई तिथे मातीत बसल्या आणि कोंबांवरून बोट फिरवत राहिल्या.

कोंब हातभर झाल्यावर बाईंनी त्यांच्या बुडाशी मातीचा ढीग चढवला. आतल्या आत कोंबांना मुळं सुटली, आणि काही महिन्यांनी मुळांसकट रोपं वेगळी करता आली. पहिली खेप छोटी होती, पण पुरेशी होती. काही केंद्राच्या दुसऱ्या जमिनीत गेली, काही लांबच्या दोन केंद्रांना चाचणीसाठी. भाजीपाला विभागाच्या प्रमुखांनी एक रोप आपल्या आईसाठी मागून घेतलं, आणि स्मारक हा शब्द नंतर कुणी वापरला नाही.

बाईंचं नाक याच काळात आपल्या लयीने चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे यजमानांनी चार वेगवेगळ्या वासांच्या छोट्या बाटल्या तयार केल्या होत्या. रोज सकाळी चहाच्या आधी बाई त्या एकेक करून हुंगत आणि यजमान समोर बसून परीक्षकासारखे वाट बघत. कित्येक आठवडे काही नव्हतं. मग आलं ते भलतंच आलं. चहाला जळक्या टायरचा वास, अण्णांच्या तेलाला जळक्या टायरचा वास, स्वतःच्या उशीलाही तोच. बाई वैतागून गेल्या. डॉक्टर मात्र खूश झाले, तारा जुळायला लागल्या आहेत म्हणाले. पुढे टायर विरत गेला. साबण परत आला, लिंबू परत आलं. पेरू अर्धामुर्धा आला, पूर्वीसारखा नाही. सगळ्यात सुवासिक झाडाच्या फळातून त्यांना आता त्याच्या वासाची नुसती कडा लागे. ते त्यांनी मीटरला सांगितलं, आणि यापुढेही तूच हुंगायचं असंही सांगितलं.

दुसऱ्या वर्षी खोडावर राखलेल्या कोंबांना फुलं आली. बाईंच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. पण फुलं पाहिल्यावर दोघांच्याही मनात एकच आलं. सुवासिक झाडाच्या उमलायच्या बेतातल्या कळ्या निवडून बाईंनी बारीक चिमट्याने त्यातले पुंकेसर काढले. मीटरने मुक्या झाडाच्या फुलांचे पराग मऊ ब्रशावर घेऊन आणले.  बाईंनी त्याला घाई करू नकोस म्हटलं. एकेका कळीवर पराग लावून त्यांनी वरून कागदाच्या पिशव्या बांधल्या.

फळं धरली, पिकली, बिया निघाल्या. त्यातल्या बऱ्याच रुजल्या. उगवलेली रोपं बघायला अण्णासुद्धा आले, काठी टेकत. ट्रेमध्ये ओळीने रोपं उभी होती, आणि आत्तापासूनच कुणाची पानं रुंद, कुणाची निमुळती, कुणी दोन बोटं पुढे, कुणी अजून डोळे चोळत असल्यासारखं.

अण्णांनी विचारलं, की यातलं वासाचं आणि मऊ बियांचंही असं एकात दोन कुठलं.

“कदाचित एखादं असेल,” बाई म्हणाल्या. “कदाचित नसेल. फळ आल्याशिवाय कळायचं नाही.”

“म्हणजे कधी?”

“तीन-चार वर्षांनी. तेव्हा हा असेल इथे.” त्यांनी मीटरकडे मान केली.

“तुम्हीही याल,” मीटर म्हणाला. “आणि अण्णाही येतील, मार्क द्यायला.”

अण्णांनी हे आधीच ठरलेलं असल्यासारखी मान हलवली आणि मागच्या ओळीतलं एक रोप तिरकं झालंय ते सरळ करायला सांगितलं. मीटरने ते सरळ केलं. ऊन वर चढत होतं. बाईंनी एक ट्रे उचलला, त्याने दुसरा, आणि दोघं सावलीच्या जाळीकडे चालू लागले.